अक्का, आपला पैरा

अक्का, काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीनं गेले, भांडी घासून पालथी घातली, आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. सोप्यातली तुमची खाट उचलून माडीवर ठेवली आहे. खाली राहिलेली जागा मीच शेणानं सारवून घेतली. सारवता सारवता मला लय राग आला. कुणाचा ते विचारू नका, तुमचाच आला. भांडण ऐन रंगात आलं की उठून जायची तुमची खोड जुनीच, पण या खेपेला तुम्ही कमालच केलीत.

उद्या शाळा उघडते. दिवाळीची सुट्टी सुतकातच सरली. उद्या मी शाळेत शिकवायला जायचं की नाही हे घरात कुणी अजून ठरवलेलं नाही, पण नाहीच जायचं असं सगळे धरून चालले आहेत. काल पाहुण्यांना मोटारीत बसवून आल्यावर हे, म्हणजे तुमचे भाऊ, माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "अक्का घरात ड्युटीवर हुती म्हनून तू भायेर हुतीस. आता तिची जागा रिकामी. तुला रिलीफ कोन देनार? बास झाली शाळा." लढाई संपून ते घरी आले त्याला काही वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडातली पलटण काही निघत नाही. रागानं बोलले नाहीत हो. डोळे सुजलेले होते त्यांचे. पाठच्या भावाला थोरली बहीण गेल्यावर जे होतं तेच त्यांचं झालंय.

मी उलट बोलले नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण नाही बोलले. आजवर ह्यांना उलट बोलायचं झालं की मी आधी तुमच्याकडे बघायची, तुम्ही हळूच मान हलवायचात, आणि मग माझं तोंड सुटायचं. काल मी सवयीनं खाटेच्या जागेकडे बघितलं. तिथं ओलं सारवण होतं.

म्हणून हे लिहायला बसले. गावाला तुम्ही 'सांगलीच्या बाई', पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या, डिग्री घेतलेल्या. मला तुम्ही नणंद. लग्न होऊन मी माणातून, दहिवडीच्याही पलीकडून, या उसाच्या मुलुखात आले तेव्हा आत्याबाई येईल त्या बाईला सांगायच्या, "आमची सून कुसळाच्या रानातली हाय, पाटाचं पानी बघून भ्याली." मी भ्याले नव्हते. पण सांगलीला राहणारी, मोठी मोठी पुस्तकं वाचणारी नणंद नाताळच्या सुट्टीत येणार आहे म्हटल्यावर मात्र भ्याले. शिकलेली नणंद म्हणजे दुप्पट सासू असणार, असा माझा हिशेब.

तुम्ही आलात त्या दिवशी मी परसात सूप घेऊन बसले होते. एका बाजूला काळे हरभरे, एका बाजूला पांढरे पावटे, निवडायचे होते. तुम्ही समोर फतकल मारून बसलात. सासरचं कसं वाटतंय, माहेरची आठवण येते का, असलं काही विचारलं नाहीत. मूठभर हरभरे आणि मूठभर पावटे घेतलेत आणि जमिनीवर दाटीवाटीनं त्यांचा ढीग लावलात.

"हे बघ हौसा. जगात जे काही आहे, ही भिंत, ते जास्वंदीचं झाड, तू, मी, ते सगळं अणूंचं. आणि अणूच्या पोटात हे असं असतं. हा हरभरा म्हणजे प्रोटॉन. त्याच्या अंगात विजेचा भार असतो. हा पावटा म्हणजे न्यूट्रॉन. त्याला भार नाही, वजनाला मात्र किंचित जास्त. दोघं मिळून अणुगर्भ."

मी नवी सून. मान खाली घालून "व्हय" म्हटलं. तेवढ्यात आपली तांबडी कोंबडी आली आणि तिनं त्या ढिगात चोच घातली.

"अक्का, कोंबडीनं तुमचा गर्भ खाल्ला," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. इतक्या हसलात की तुम्हाला धाप लागली, भिंतीला टेकून बसावं लागलं. मला वाटलं, हसून लागली. त्या धापेचा अर्थ कळायला पुढं काही वर्षं जायची होती. त्या दिवशी मला एवढंच कळलं की या बाईपुढं आपल्याला बोलता येईल.

मग धाप ओसरल्यावर तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, जिच्यावर आपण जन्मभर भांडलो. तुम्ही म्हणालात, पावटा एकटा पडला तर टिकत नाही. अणुगर्भाच्या बाहेर एकटा न्यूट्रॉन थोड्या वेळानं आपसूक बदलतो, त्याचा प्रोटॉन होतो. बदलताना एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो, आणि आणखी एक काहीतरी, इतकं बारीक की अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. किती वेळ टिकतो तेही अजून कुणाला नीट मोजता आलेलं नाही. पण तोच न्यूट्रॉन धडधाकट अणुगर्भात इतरांच्या संगतीत बसला, की तो जसाच्या तसा राहतो. हजारो वर्षं राहतो.

"का बरं?" मी विचारलं.

"आत बदलणं त्याला परवडत नाही. बदललेल्याला बसायला आत जागा महाग पडते."

"मंग त्यात काय नवल? सून म्हायेरी येगळी वागती, सासरी येगळी. सासरी जरा दबून ऱ्हाती. म्हनून काय ती दोन बाया झाली?"

"झालीच," तुम्ही म्हणालात. "मी तेच म्हणते आहे. बाहेरचा न्यूट्रॉन आणि आतला न्यूट्रॉन यांना आपण एकच नाव देतो, पण आत गेल्यावर तो तोच उरतो असं मला नाही वाटत."

"मी तीच हाय," मी म्हटलं. "दहिवडीहून आली तीच. मला न्हाई कुनी बदललं."

"बघू," तुम्ही म्हणालात. आणि पावटे निवडायला लागलात. तुम्ही निवडलेल्यात खडे तसेच राहिले होते, ते मी नंतर काढले.

दर सुट्टीत हा वाद पुढं सरकायचा. तुम्ही सांगलीहून नवं काहीतरी वाचून यायचात आणि मी माझं उत्तर गुऱ्हाळावर, ओढ्यावर, गोठ्यात तयार करून ठेवलेलं असायचं. एकदा तुम्ही सांगितलंत की उलटंही होतं. प्रोटॉन एकटा कधीच बदलत नाही, पण एखाद्या अणुगर्भात गेला की त्याचाच न्यूट्रॉन होतो, आणि मग तो अणूच दुसऱ्या मूलद्रव्याचा होऊन बसतो.

"म्हंजी घरामुळं बिगाडला," मी म्हटलं.

"किंवा सुधारला."

"आसं कोन ठरिवनार?"

"ते शास्त्र ठरवत नाही गं," तुम्ही म्हणालात, आणि पहिल्यांदा मला तुम्ही थकलेल्या वाटलात.

आणि मग पैऱ्याची गोष्ट. मी विचारलं होतं की सारख्या भाराच्या वस्तू एकमेकांना ढकलतात असं तुम्हीच म्हणता, मग एवढे प्रोटॉन एका जागी नांदतात कसे? तुमचे डोळे चमकले. म्हणालात, एका जपानी पंडितानं यावर मोठी युक्ती मांडली आहे. आतले प्रोटॉन-न्यूट्रॉन सारखी एकमेकांशी देवघेव करतात. प्रोटॉन आपल्यातलं काही देतो आणि न्यूट्रॉन होतो, घेणारा न्यूट्रॉन प्रोटॉन होतो. मग पुन्हा उलट. ही देवघेव थांबत नाही, आणि तिच्यामुळंच ते एकमेकांना धरून राहतात.

"मंग ह्यो पैराच की," मी म्हटलं. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याला गाठतो. आज तुझा-माझा मिळून माझ्या रानात औत, उद्या तुझ्या रानात. आमच्या माणात अर्धा गाव पैऱ्यावरच जगतो.

"नाही. पैऱ्यात बैल ज्याचा त्याचाच राहतो. दिवस मावळला की आपापल्या गोठ्यात जातो. इथं कोण कुणाचा हेच उरत नाही."

तेव्हा मी तुम्हाला माझ्या बापाची गोष्ट सांगितली. बापाचा आणि शेजारच्या तात्याचा पैरा माझ्या जन्माआधीचा. दोघांनी म्हसवडच्या जत्रेत एकाच दावणीची दोन खिलार खोंडं घेतली, पांढरीशुभ्र, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. दुष्काळात वैरण वाचावी म्हणून दोन्ही एकाच गोठ्यात बांधायला लागले. एक महिना आमच्याकडे, एक महिना त्यांच्याकडे. अशी वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात त्यातला एक मेला. बाप म्हणाला, "मेला त्यो माझा. जित्ता हाय त्यो तुझा, घिऊन जा." तात्या म्हणाला, "आसं कसं? मेला त्यो माझा. तू आपला बैल बांध." दोघं बाप्ये रडत रडत भांडले, अक्का. चावडीवर गेलं प्रकरण. पंचांनी खुणा बघितल्या, शिंगं बघितली, काही कळेना. शेवटी जित्ता बैल दोन्ही घरी पाळीपाळीनं जेवत राहिला, आणि मेलेल्यासाठी पोळ्याला दोन्ही घरांत एकेक पोळी जास्त लागायला लागली.

तुम्ही म्हणालात, "गोष्ट फार चांगली आहे. पण माणसांना कळत नव्हतं एवढंच त्यातून सिद्ध होतं. बैलाला ठाऊक होतं तो कुणाचा. न्यूट्रॉनला ते ठाऊक नसतं."

"बैलाला इचारलं कुनी?"

"म्हणून तर वाद मिटला नाही," म्हणालात तुम्ही. वर "पुरावा आण" असंही म्हणालात. पुरावा मागितला की मी हात टेकते हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. लढाई सुरू झाली, हे पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेले, आणि त्याच सुमाराला तुमचा निरोप आला की हौसाला चार दिवस सांगलीला पाठवा. मी आले. तुम्ही मला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेलात. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यानं काळजाची झडप खराब करून ठेवली आहे. जिना चढायचा नाही, तास घ्यायचे नाहीत. तुम्हाला पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरला जायचं होतं, त्याबद्दल तुम्ही त्यांना विचारलंसुद्धा नाहीत. मी विचारणार होते, तुम्ही माझा हात दाबलात.

परत सांगलीला आल्यावर आपण कृष्णेच्या घाटावर बसलो. बायका धुणी आपटत होत्या. तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "हौसा, मी आता एकटी टिकणार नाही."

"मंग घरला चला की."

"घरी मी कोण? लग्न न झालेली लेक. आत जागा महाग पडते गं."

"तुमी चला तर," मी म्हटलं. "जागंचं मी बगती."

आज विचार करते, कुठून आला होता एवढा तोरा माझ्या अंगात? पाचवी शिकलेली पोर मी. नवरा लढाईवर. घरात माझं तरी काय चालत होतं? पण तुम्ही एवढ्या मोठ्या बाई आणि माझ्या शब्दावर उठलात. ट्रंकेत पुस्तकं भरलीत आणि आलात. त्या विश्वासाबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. आज बोलते. माझ्यावर तेवढा भरवसा आई-बापानंसुद्धा टाकला नव्हता.

घरी आल्यावर तुम्हाला स्वस्थ बसवेना. "मी बसून खाणार नाही," म्हणून तुम्ही चुलीपुढं पाट घेतलात. तुमची पहिली भाकरी बघून आत्याबाई तुम्हाला म्हणाल्या, "इंदे, हिला चार ठिगळं लाव म्हंजी गोधडी हुईल." त्या बदल्यात तुम्ही मला सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसवलंत. मी म्हशीची धार काढायची आणि तुम्ही गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून मला त्रैराशिकं घालायचात. दोनदा म्हशीनं लाथ मारली, एकदा तुम्ही. नाही, तुम्ही मारली नाहीत, पण ज्या नजरेनं बघितलंत त्यापेक्षा म्हशीची लाथ बरी होती. पण पास झाले, आणि गावच्या मुलींच्या शाळेतली मास्तरणीची जागा तेवढ्यात रिकामी झाली, ती मला मिळाली.

आत्याबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "सून भायेर आन लेक चुलीम्होरं? उलटी गंगा व्हायला लागली ह्या घरात. लोक काय म्हनतील?"

"आई, घरात दोन बायका आहेत," तुम्ही म्हणालात. "कुणी कुठं बसायचं ते आम्ही दोघी ठरवतो. घर मोडणार नाही, मी सांगते."

मी शाळेतून यायची तेव्हा तुम्ही दारात बसलेल्या असायचात. डाळ करपलेली असायची. भाकरी पुढं ठेवून विचारायचात, आज काय घेतलंस, कुणी काय विचारलं, तू काय सांगितलंस. माझा घास हातातच राहायचा. तुमची भूक मला दिसायची आणि मी आठवून आठवून सगळं सांगायची, कधी थोडं रचूनही. असं होता होता एक दिवस मी कपाळाला हात लावून म्हणाले, "पोरींना शिस्त कशी ती उरली नाही," आणि त्याच दमात तुम्ही मला म्हणालात, "हौसे, त्याल जरा हात आखडून वापर, बाजाराला अजून अवकाश हाय." माझ्या तोंडी तुमची भाषा, तुमच्या तोंडी माझी! आपण एकमेकींकडे बघितलं. मग तुम्ही हसायला लागलात आणि तुम्हाला धाप लागेल म्हणून मी तुमच्या तोंडावर पदर धरला. वादात तो दिवस तुमचा होता, अक्का. मी तेव्हा कबूल केलं नाही. तुम्हीही 'बघ, मी म्हणत होते' असं म्हणाला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

एका गोष्टीवर मात्र आपण बोललोच नाही. पलूसहून कुणीतरी वर्तमानपत्र आणलं होतं. जपानात एका बाँबनं अख्खं शहर नाहीसं झालं, अणुगर्भ फोडून केलेला बाँब. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि जेवायला आला नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याबाईंनी विचारलं, "इंदे, तू त्या हरबऱ्या-पावट्याचं सांगायचीस, त्येच का हे?" तुम्ही म्हणालात, "होय, आई. तेच." पुढं काही दिवसांनी लढाई संपल्याची बातमी आली. माझा नवरा जिवंत होता, आणि आता तो परत येणार होता. मी घरातली गुळाची ढेप फोडली आणि आळीत वाटायला निघाले.

"हौसा, गूळ वाटू नकोस," तुम्ही म्हणालात.

"वाटनार. तुमच्या त्या अणूनं माजा मानूस जित्ता ठिवला."

मी तुमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि निघून गेले. परत आले तेव्हा तो तसाच तुमच्या मुठीत होता, हात चिकट झालेला, आणि तुम्ही भिंतीकडे बघत होता.

मी ते बोलणं मागं घेणार नाही. आजही नाही. ज्या बाईचा नवरा पलटणीत आहे तिनं त्या दिवशी गूळच वाटायचा असतो. पण तुम्ही माझ्याशी भांडायला हवं होतं हो. एवढ्या तेवढ्यावर पुरावे मागणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी माझं तोंड बंद करायला हवं होतं. तिकडंही कुणाच्या तरी नणंदा-भावजया परसात दाणे निवडत बसल्या असतील, एवढं जरी म्हणाला असतात. तुम्ही म्हणाला नाहीत, आणि पुढं ते वाक्य मलाच सुचलं, आणि ज्या दिवशी सुचलं त्या दिवशीही मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तुमची विद्या तुमच्यादेखत अशी पेटली आणि तुम्ही तिच्यासाठी कुणाच्या गळ्यात पडून रडलासुद्धा नाहीत. माझा गळा होता की तिथं.

हे परत आल्यावर मास्तरीण बायको बघून थोडे कुरकुरले. पण तुम्ही घरात होता, भाकरी वेळेवर होती, आणि थोरल्या बहिणीपुढं तोंड उघडायची छाती ह्यांना ब्रह्मदेशातूनही मिळाली नव्हती.

या पावसाळ्यात तुमच्या पायांना सूज आली. आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून लोडाला टेकून बसूनच झोपायचात. भाकरी सुटली, मग बोलणं कमी झालं. त्या शेवटच्या सकाळी मी निघताना तुम्ही मला जवळ बोलावलंत. चेहरा बरा दिसत होता.

"हौसा, बैलाचं मला थोडं पटलंय," तुम्ही म्हणालात. "संध्याकाळी सांगते."

"आताच सांगा की."

"घंटा होईल. जा."

मी गेले. दुपारच्या सुट्टीआधीच शेजारची माणसं बोलवायला आली. धावत आले तेव्हा तुमचं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या तुमचे केस नीट करत होत्या. काय पटलं होतं तुम्हाला, अक्का? बैलाला ठाऊक नसतं हे पटलं, की माझा बाप आणि तात्या बरोबर होते हे पटलं? किती पटलं? थोडं म्हणजे किती? मला आता हे कोण सांगणार?

भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, "सुटली बिचारी." पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी एकीला म्हटलं, "सुटली म्हनू नगा. तिला सुटायचं नव्हतं, तिला हितंच ऱ्हायाचं हुतं." बाई घाबरून गेली. आत्याबाई तेव्हा कोपऱ्यात होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या कोपऱ्यातच असतात. जेवण पुढं ठेवलं तर दोन घास खातात, नाहीतर नाही. माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. मला वाटतं, मी त्या वेळी घरात नव्हते म्हणून. किंवा माझ्या जागी तुम्ही चुलीपुढं बसलात म्हणून तुमचं काळीज झिजलं असं त्यांच्या मनात असेल. मीही रोज तेच धरून बसते आणि रोज डॉक्टरांचं बोलणं आठवून सोडून देते.

म्हणून उद्याचं मला सुचत नाही. हे म्हणतात ते खोटं नाही. पैऱ्यातला एक बैल गेला की दुसऱ्याला औत ओढता येत नाही. तुम्ही आत होता म्हणून मी बाहेर होते. आता मी कोण? चुलीपुढची की फळ्यापुढची? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, दोन्ही. पण असतात तर.

इथवर लिहून मी काल थांबले होते. आता शाळेत, मधल्या सुट्टीत, पुढचं लिहिते आहे. म्हणजे उत्तर तुम्हाला कळलंच. पण कसं झालं ते ऐका.

आज सकाळी मी आंघोळ करून बाहेरचं लुगडं नेसले. का नेसले ते मलाच सांगता येणार नाही. मग तशीच माजघराच्या दारात उभी राहिले, धड आत नाही, धड बाहेर नाही. हे सोप्यात चहा पीत होते. माझं लुगडं बघितलं त्यांनी आणि बशी पुन्हा तोंडाला लावली.

चुलीतून धूर येत होता. बघते तर आत्याबाई. इतक्या दिवसांनी कोपरा सोडून चुलीपुढं बसल्या होत्या. परात पुढं, हात पिठात. तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली. त्यांच्या वयाला आता चुलीपुढं वाकवत नाही, एका हातानं गुडघा दाबून बसल्या होत्या.

"आये, तू कशाला बसलीस?" हे उठले. "हौसा करंल की."

आत्याबाईंनी दोन भाकरी घेतल्या, वर लसणाची चटणी घातली, फडक्यात बांधल्या. माझ्याकडे मान वळवली, पण त्यांची नजर माझ्या तोंडाच्या जरा पलीकडं होती. तुम्ही सांगलीला शिकायला होता तेव्हा सुट्टी संपल्यावर त्या ज्या आवाजात हाक मारायच्या म्हणून तुम्ही सांगायचात, तोच आवाज असावा. मी तो कधी ऐकला नव्हता.

"इंदे," त्या म्हणाल्या, "मोटार जाईल गं. भाकरी घे."

हे जागच्या जागी थांबले. "आये," एवढंच म्हणाले. चुकून म्हणाल्या की जाणून, ते मला ठाऊक नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगते अक्का, मला ते विचारायचंही नव्हतं.

मी पुढं झाले. फडकं त्यांच्या हातातून घेतलं. त्यांचा हात पिठाचा, गरम होता.

"ओ, आई," मी म्हटलं. "आले."